आबा खोत यांना फॅमिली विभागात जागा मिळण्याबाबत

अर्जदार : मी स्वतः, सांगलीत कचेरीबाहेर पत्र्याच्या शेडमध्ये अर्ज, निवेदने व प्रतिज्ञापत्रे लिहिणारा. ज्यांच्याकरिता अर्ज : श्री. आबा खोत, मूळ गाव जत तालुक्यात, हल्ली मुक्काम माझ्या शेजारी. सामनेवाले : मिरज रस्त्यावरील एका हॉटेलचे मालक. त्यांचे नाव मुद्दाम देत नाही, कारण त्यांच्याकडचा अख्खा मसूर उत्तम असतो. साक्षीदार : माझी पत्नी, तसेच मागच्या महिन्यातल्या जेवणापुरते माझे साताऱ्याचे बालमित्र दिनकरराव. घटनेचा दिवस : गेला रविवार. तक्रार : ज्या फॅमिली विभागाची आबांनी स्वतः पारख करून साऱ्या गल्लीला शिफारस केली, त्याच विभागात आबांना बसू दिले नाही.

आता आबा खोत म्हणजे कोण, हे वाचकांच्या माहितीसाठी निवेदन करतो.

गल्लीत कुणाकडे परगावचे पाहुणे येणार असल्याची कुणकुण लागली, की आबा दारात उभे राहतात. पाहुण्यांचे नाव, गाव, हुद्दा काहीही विचारत नाहीत. पहिला प्रश्न असतो, "वार कुठला पाळत्यात?" सोमवार, गुरुवार की शनिवार हे कळले, की दुसरा प्रश्न, "म्हातारं माणूस हाय का संगं? आन् बारकं पोर?" एवढी माहिती घेऊन ते सायकलवर टांग टाकतात आणि शहरातली हॉटेले तपासायला निघतात. हे काम त्यांना कुणी सांगितलेले नसते, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे.

आबांची उभी नोकरी कुपवाडच्या एका कारखान्यात माल तपासण्यात गेली. तयार झालेला भाग हातात घ्यायचा, फिरवून पाहायचा आणि एका शब्दात निकाल द्यायचा : पास, रिवर्क किंवा रिजेक्ट. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, निकाल सुटला नाही. माझ्या जावयाला पाहून ते "रिवर्क" म्हणाले होते. ते मत अद्याप बदललेले नाही.

हॉटेलात शिरल्यावर आबा पदार्थांची यादी मागत नाहीत. आधी टेबल हलवतात. मग प्रत्येक खुर्चीवर बसून उठतात. मग हात धुण्याच्या जागी गुडघ्यावर बसून, लहान मुलाचा हात नळाला पोचेल का, हे पाहतात. "बार अँड फॅमिली" अशी पाटी असेल, तर दोन्हींचे दार एकच आहे की वेगळे, याची जागेवर पाहणी होते. शेवटी मालकासमोर उभे राहून परीक्षेचा प्रश्न येतो.

"पोर रडाय लागलं तर तुमी काय करता?"

विश्रामबागेतल्या एका मालकाने अभिमानाने उत्तर दिले होते, "आम्ही नम्रपणे सांगतो, जरा बाहेर घेऊन जा."

"रिजेक्ट!" आबा म्हणाले आणि आत बसलेल्या सर्व ग्राहकांना ऐकू जाईल अशा आवाजात पुढे म्हणाले, "आवं, पोर हाय त्ये. त्येला काय सायलेन्सर बसवायचा?"

मागच्या महिन्यात दिनकरराव सहकुटुंब येणार होते. सोबत त्यांच्या वृद्ध मातोश्री, सूनबाई आणि दीड-दोन वर्षांचा नातू. सातारकर मंडळी सांगलीला नावे ठेवायला टपलेली असतात, हा माझा जुना अनुभव. म्हणून मी नदीपलीकडचे एक नवे हॉटेल ठरवले होते. हिरवळ, रंगीत दिवे, कारंजे, सर्व काही. आबा जाऊन आले.

"रिजेक्ट."

"अहो, पण कारंजे पाहिले का?"

"बघितलं की. खुर्च्यांस्नी हात न्हाईत. म्हातारीनं उठायचं कशाला धरून? कारंज्याला?"

कायदेशीर भाषेत बोलायचे तर माझा दावा फेटाळला गेला. आबांनी मिरज रस्त्यावरचे हॉटेल मुक्रर केले. मुख्य हॉलच्या मागे काचेचे दार, त्याच्या आत फॅमिली विभाग, हातांच्या दणकट खुर्च्या. निवड करणारा स्वतः हजर असावा, या त्यांच्या नियमाप्रमाणे आबाही आमच्यासोबत आले. ते प्रत्येक यजमानासोबत जातात. त्यांना घरी सोडून जाण्याचा प्रयत्न एकाने केला होता. आबा सायकलवरून त्याच्याआधी पोचले.

जेवण रंगात आले असता नातवाने तांबड्या रश्श्याची वाटी उचलली आणि आबांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पूर्ण रिकामी केली. वर भोकाड पसरले. सूनबाईंचा चेहरा उतरला. आबा मात्र सदऱ्याकडे न पाहता काचेतून गल्ल्यावरच्या मालकाकडे टक लावून पाहत होते. मालकाने मान वर केली नाही.

"पास!" आबा आनंदाने ओरडले. "बघितलं का अर्जवाले? मान सुदिक हलली न्हाई गड्याची!"

जाताना दिनकररावांनी कबूल केले की साताऱ्यात असे हॉटेल नाही. हे वाक्य मी त्यांच्याकडून लेखी घ्यायला हवे होते.

गेल्या रविवारी आमच्या घरी स्वयंपाकाचा गॅस संपला, म्हणून मी व पत्नी त्याच हॉटेलात गेलो. काचेच्या दारापाशी आबा उभे होते. अंगात इस्त्रीचा सदरा, केस चापून बसवलेले. समोर वेटर.

"किती जण?"

"एक."

"मग बाहेर जनरलला बसा की काका. आत फक्त फॅमिली."

"आरं, ही खोली मी पास केलीया!"

"व्हय, पण फॅमिली कुठाय?"

आबांनी सदऱ्याची बाही उगाच सारखी केली. वाद अर्धवट सोडताना हा मनुष्य मी प्रथमच पाहिला. साहजिकच प्रकरण मी हाती घेतले. मालकांना बोलावून सांगितले की, शिधापत्रिकेवर एकटे नाव असले तरी सरकार त्या व्यक्तीला कुटुंबप्रमुख म्हणते. सरकारला मान्य असलेली गोष्ट हॉटेलने अमान्य करणे गैर आहे. मालक सज्जन आहेत. म्हणाले, "साहेब, तुमचं बरोबर. पण एकटी माणसं आत येऊन बघत बसतात, बायामाणसं तक्रार करतात. एकाला सोडलं की दुसऱ्याला काय सांगू?" याही मुद्द्यात तथ्य होते, हे मी प्रामाणिकपणे नोंदवतो.

तोवर आबा बाहेर जाऊन पायरीवर बसले होते. आम्ही दोघे त्यांच्यामागे गेलो.

"आबा," मी म्हणालो, "स्वयंपाकघर एकच, मसूर तोच. मग जनरलला काय वाईट?"

"तितं पंख्याचा लय आवाज हाय."

"पंखा आतही तोच आहे."

"उजेड कमी हाय."

माझ्या पत्नीने मला खुणेने थांबवले आणि त्यांच्याशेजारी पायरीवर बसली. "आबा, खरं सांगा."

आबांनी सरकून तिला नीट जागा करून दिली.

"वैनी, जनरलला समदे मोबाइलकडं बघून जेवत्यात. वेटर इचारतो, 'आणि काय?' न्हाई म्हटलं, की गेला. आत तसं नसतंय. आत कुणीतरी कुणाला म्हणत असतंय, 'घे की अजून. एवढ्यानं काय होतंय? अर्धी तरी घे.' आमची ही गेल्यापासनं घरात त्यो शब्द न्हाई. पोरगं पुण्याला. मला कुणी म्हणावं असं न्हाई वैनी. शेजारच्या टेबलावर म्हटलं तरी चालतंय. कानावर पडलं, की भाकरी खाली उतरती."

पत्नीने उठून पदर खोचला, आबांचा दंड धरला आणि काचेच्या दाराशी जाऊन वेटरला सांगितले, "तीन जण. फॅमिली."

सबब विनंती की, एकट्या परंतु सभ्य गृहस्थांना फॅमिली विभागात निदान भिंतीकडे तोंड करून बसण्याची मुभा द्यावी. त्यांना काही पाहायचे नसते, केवळ ऐकायचे असते. याबाबतचा निर्णय सामनेवाल्यांनी लेखी कळवावा. निर्णय होईपर्यंत श्री. खोत दर रविवारी आमच्यासमवेत येतील, आणि माझी पत्नी त्यांना नको नको म्हणेपर्यंत वाढेल, याची कृपया नोंद घ्यावी.

उत्तराची वाट पाहत आहे. घाई नाही.