पाठपोट नकार

मॅनेजर साहेबांनी केबिनचं दार लोटलं आणि आवाज खाली आणला, तेव्हाच मलमपट्टींनी ओळखलं की आज कुणाच्या तरी नशिबी नकार आहे.

"एक पत्र लिहायचंय," साहेब खिडकीबाहेर बघत म्हणाले. "आपल्याकडचाच माणूस आहे. बरीच वर्षं झाली त्याला. बढती मागितली होती, पण वरून नाही म्हणालेत. जरा हळवा आहे, जपून लिहा."

"कोण, साहेब? गोदामातले?"

"नाव मी नंतर घालतो. नेहमीसारखं."

मलमपट्टी हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. वजनकाटे बनवणाऱ्या त्या कंपनीत गेली बावीस वर्षं नकाराची सगळी पत्रं तेच लिहीत, आणि अशी लिहीत की नकार मिळालेली माणसं उलट आभाराचे फोन करत. त्यांची पद्धत ठरलेली होती. पुढच्या पानावर नुसतं कौतुक. कागद वाचवायचा म्हणून पत्र पाठपोट छापलं जाई, आणि नकार यायचा तो पान उलटल्यावर, तोही अगदी खाली, सहीच्या जरा वर. आधी फुंकर, मग चटका, असं ते नव्या टायपिस्टांना समजावून सांगत.

त्या शुक्रवारी त्यांचा हात असा काही चालला होता की विचारू नका. 'आपण या संस्थेचा कणा आहात' हे वाक्य लिहून झाल्यावर त्यांनी स्वतःच रुमालाने डोळे टिपले. बिचारा जो कोण असेल तो, पण वाचून सुखावेल, असं मनाशी म्हणत त्यांनी पत्र आत पाठवलं आणि चहा मागवला.

चार वाजता शिपायाने त्यांच्याच टेबलावर एक पाकीट आणून ठेवलं. मलमपट्टींनी ते फोडलं. कणा. त्यांचंच वाक्य, आणि वर त्यांचंच नाव. त्यांनी पान उलटलं. नकार होता, ते नेहमी ठेवत तिथेच.

त्यांनी मागितलेली हेडक्लार्कची जागा गेली हा एक धक्का झाला. दुसरा त्याहून मोठा होता. आपलं पत्र वाचून माणसाला बरं वाटतं, असं ते बावीस वर्षं समजत आले होते. काडीचंही बरं वाटलं नाही. उलट कौतुक दुसऱ्यांदा वाचताना जास्तच रडू आलं.

घरी काय सांगायचं? यंदा हे हेडक्लार्क होणारच, असं बायकोने सगळ्या नातेवाइकांत सांगून ठेवलं होतं. तोंडाने बोलायचा धीर होईना, म्हणून त्यांनी घरात पाऊल टाकताच पाकीट तिच्या हातात दिलं आणि बूट सोडायच्या निमित्ताने खाली वाकून राहिले.

"अगं बाई!" बायको ओरडली. "'आपण या संस्थेचा कणा आहात'! अहो, हे साहेबांनी लिहिलंय?"

"सही त्यांची आहे. तू जरा मागे..."

"थांबा हो! आधी बाबांना फोन लावते."

सासऱ्यांनी लग्नाला सव्वीस वर्षं झाली तरी त्यांना कधी धड हाक मारली नव्हती. त्या संध्याकाळी फोनवर त्यांचा आवाज चक्क भरून आला. "जावईबापू, मी तुम्हाला ओळखलंच नव्हतं!" ते म्हणाले. तोवर मेहुणी आणि साडू केक घेऊन हजर झाले. मेहुणीने पहिल्या पानाचा फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. तो फिरत फिरत कंपनीतल्या लोकांपर्यंत गेला आणि पाचव्या मिनिटाला गोदामातल्या सुपरवायझरच्या बायकोचा अभिनंदनाचा फोन आला.

"मागचं पान कुणी वाचलं का?" मलमपट्टींनी जीव मुठीत धरून विचारलं.

"मागे काय असणार? अटी आणि नियम!" साडू केक कापत म्हणाला. "ते कोण वाचतं?"

शनिवारी सकाळी मलमपट्टी थेट केबिनमध्ये शिरले.

"साहेब, घोटाळा झालाय. घरी सगळ्यांना वाटतंय मी हेडक्लार्क झालो. तुम्ही फोन करून सांगा, मला नाही जमणार."

"पण पत्रात स्पष्ट लिहिलंय ना तुम्ही?"

"लिहिलंय, साहेब. मागे."

साहेबांचा चेहरा एकदम विचित्र झाला. ते उठले, दाराला आतून कडी घातली आणि कपाटातून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक फ्रेम काढली. आत अकरा वर्षांपूर्वीचं एक पत्र होतं. 'आपल्यासारखा उमेदवार लाभणे हे आमचे भाग्य...' मलमपट्टींनी आपलं वाक्य लगेच ओळखलं. मग वरचं नाव वाचलं, ते साहेबांचं होतं.

"साहेब! म्हणजे तुम्हाला इथे... नकार...?"

"हळू बोला! मला तरी कुठे माहीत होतं? वडिलांनी पहिलं पान वाचलं आणि सगळ्या गल्लीला सांगून आले. मी सोमवारी नऊला येऊन खुर्चीत बसलो. कुणी काही विचारलं नाही."

"मग कळलं कधी?"

"तीन वर्षांनी. फ्रेम करायला टाकलं, तेव्हा दुकानदार म्हणाला, कुठली बाजू पुढे घेऊ?"

मलमपट्टींनी फ्रेम पुन्हा वर्तमानपत्रात गुंडाळली. मग म्हणाले, "आणि ज्यांची खरी नेमणूक झाली होती, ते?"

"ते दहाला आले. मी सांगितलं, जागा भरली. त्यांना पत्र तुम्हीच लिहिलंत. फार सुरेख होतं. त्यांचा आभाराचा फोनही आला होता."

बाहेर कुणीतरी वजनकाटा तपासत होतं, त्याचा बारीक आवाज येत होता. मलमपट्टींना सासऱ्यांचा भरून आलेला आवाज आठवला. भीती तर वाटत होतीच, पण बावीस वर्षं दुसऱ्यांना गोंजारून झाल्यावर आता स्वतःसाठी काहीतरी करावं, असंही फार फार वाटत होतं.

"साहेब, हेडक्लार्कच्या जागेवर वरून जो नवीन माणूस येणार आहे, तो सोमवारी कितीला यायचाय?"

साहेबांनी फाईल उघडली आणि तोंड फायलीत घालूनच म्हणाले, "दहाला. आणि मी तुमच्याशी काहीही बोललेलो नाही."

सोमवारी पावणेआठलाच मलमपट्टी बूट घालून तयार झाले.

"अहो, एवढ्या लवकर कुठे?" बायको आतून ओरडली. "ऑफिस दहाचं ना?"

"दहाला तो येणार आहे," मलमपट्टी म्हणाले आणि भराभर जिना उतरू लागले.