एक्केचाळिसावं पान

थोरल्या मुलीला मुलगा झाला आणि त्याच्या शंभराव्या दिवसाच्या तांदळाच्या पांढऱ्या वड्या सगळ्या गल्लीत वाटून झाल्या, ते साल दोन हजार दोन. वड्या घेता घेता बायकांनी हान बुनिमला विचारलं, की हल्ली सकाळची दिसत नाहीस, असतेस कुठे? बुनिम म्हणाली, पोहायला जाते. चौसष्टाव्या वर्षी पोहायला जाणारी बाई कोरियातल्या जेचॉन गावात दुसरी नव्हती. बायकांनी तोंडात बोटं घातली. खरं म्हणजे बुनिम आठवड्यातून तीन सकाळी समाजकल्याण केंद्राच्या तळघरात अक्षरं शिकायला जात होती आणि निघताना तिथल्या नळाखाली केस ओले करून घेत होती. हे तिच्या नवऱ्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं.

लपवण्याचं कारणही तसंच होतं. बुनिमच्या घरचं दुकान पुस्तकांचं होतं आणि तिचं मत ऐकल्याशिवाय स्टेशनच्या त्या बाजूला कोणी पुस्तक उचलत नव्हतं.

नवरा सांगग्यू रेल्वेत होता. चार वर्षांपूर्वी त्याला मुदतीआधीच घरी बसवलं, तेव्हा त्यानं स्टेशनासमोर भाड्यानं पुस्तकं देण्याचं दुकान काढलं. फँटसी कादंबऱ्यांना तेव्हा नुसता ऊत आला होता. दर सोमवारी ब्यॉन नावाचा पुरवठादार व्हॅनमधून नवे भाग आणून ओतायचा. ड्रॅगन, शापित तलवारी, झोपेतून उठून दुसऱ्याच जगात पोचलेले परीक्षार्थी. कुठलीही गोष्ट बारा भागांच्या आत आटपत नव्हती. चित्रकादंबऱ्यांची कपाटं वेगळी. गिऱ्हाईक विचारायचं, हे कसं आहे? सांगग्यू म्हणायचा, चांगलं आहे. सगळंच चांगलं निघायला लागल्यावर त्याला विचारणं लोकांनी सोडून दिलं.

बुनिमकडे काम होतं ते परत आलेली पुस्तकं ओल्या फडक्यानं पुसण्याचं. अक्षर येत नसलं तरी डोळे होते आणि नाक होतं. चार वर्षं रोज साठ-सत्तर पुस्तकं पुसल्यावर तिला एक गोष्ट कळली होती. पुस्तक रंगलं की माणूस ते जेवतानाही खाली ठेवत नाही. राम्यॉनच्या शेवयांचा लाल रस्सा सांडलेला असेल ते पान चांगलं. संत्रं सोलून पिवळे झालेले अंगठे पानोपानी असतील, तर पुस्तक निवांत पण बरं. वाळवलेल्या माकुळाचा वास शेवटच्या प्रकरणापर्यंत पोचला असेल, तर मालिका पुढे घ्यायला हरकत नाही. आणि जिथून पुढे पानं कोरी करकरीत, तिथे वाचणाऱ्यानं पुस्तक टाकलं. चित्रकादंबरीची पाठ मोडलेली असेल तर ती उत्तम. पाठ ताठ असेल तर चित्रं नुसती देखणी.

एकदा टॅक्सीवाला ग्वाक एका मालिकेचा चौथा भाग घेऊन निघाला होता. बुनिम पुसता पुसता म्हणाली, की तिसऱ्यानंतर यात काही राम नाही, लेखक दमलाय. ग्वाकनं ऐकलं नाही. दोन दिवसांनी परत आला तो हात जोडत. तिथून काकूंचं मत सुरू झालं. आधी ग्वाक, मग त्याच्या रांगेतले टॅक्सीवाले, मग तिकीट खिडकीवरच्या बाया, आणि शेवटी चौतीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेले मेंग सरसुद्धा. सर कपाटापुढे उभे राहून सहज विचारल्यासारखं करायचे, की त्या तलवारवाल्याबद्दल आपलं काय मत पडलं? बुनिम सांगायची, पहिले दोन घ्या, सहावा घ्या, मधले नुसते चालण्यात गेलेत. सर मान हलवायचे. त्यांचंही मत तेच निघायचं.

जन्मात पहिल्यांदाच बुनिमला कोणी काही विचारत होतं. बँकेत गेली तर सह्या सांगग्यूनं करायच्या, दवाखान्यात फॉर्म मुलीनं भरायचा. इथे मात्र मेंग सर थांबून ऐकत होते. म्हणून तर ती तळघरात जाऊ लागली. कोणी एक दिवस पुस्तक उघडून "काकू, एवढं वाचून दाखवा" म्हणालं तर, ही धास्ती तिला कायम होती.

नोव्हेंबरातल्या एका सोमवारी ब्यॉननं बाकीच्या गठ्ठ्यांवर एक कोरं पुस्तक वेगळं ठेवलं. नाव ‘सात चंद्रांचा सेनापती’. छापखान्यातून आलेली ही कच्ची प्रत आहे, तो म्हणाला, बाजारात यायला दोन महिने आहेत. प्रकाशकांना मागच्या पुठ्ठ्यावर छापायला वाचकांची मतं हवीत. ब्यॉननं त्यांना जेचॉनच्या काकूंबद्दल सांगितलं होतं. एकच ओळ पुरे. खाली नाव येईल.

"कोणाचं नाव?" बुनिमनं विचारलं.

"तुमचंच की. हान बुनिम, जेचॉन."

बुनिम हो म्हणून बसली. ब्यॉनची व्हॅन वळून गेल्यावर तिनं पुस्तक हातात घेतलं, आणि तिच्या ध्यानात आलं की याच्यावर एकही डाग नाही.

तीनशे चाळीस पानं होती. ओळीखाली बोट ठेवून, एकेक अक्षर जुळवत बुनिमची दिवसाला नऊ पानं वाचून व्हायची, तीही डोकं दुखलं नाही तर. ब्यॉन पुढच्या सोमवारी येणार होता. सांगग्यू म्हणाला, चांगलं आहे असं लिहून दे आणि सुटका कर. ती त्याच्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही. मग तिनं पदरचं डोकं चालवलं आणि पुस्तक ग्वाकला फुकट वाचायला दिलं. ग्वाक टॅक्सीच्या रांगेत बसून, स्टिअरिंगवर पुस्तक टेकवून, मांडीवर वाटी घेऊन वाचायचा. त्याच्याइतका सांडणारा वाचक सगळ्या जेचॉनमध्ये नव्हता.

रविवारी ग्वाक पुस्तक परत घेऊन आला, पण ते त्यानं प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आणलं होतं आणि बुनिमकडे न बघताच काउंटरवर ठेवलं. बुनिमनं पिशवी सोडली. एक्केचाळिसाव्या पानापासून दोनशे तीनपर्यंत सगळी पानं लाल रश्श्यानं एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली होती. मधे कांद्याची पात अडकली होती. सांगग्यूनं नाकाला रुमाल लावला.

तिनं ग्वाकला विचारलं, कसं वाटलं?

"काकू, काय सांगू," ग्वाक खाली बघत म्हणाला. "एक्केचाळिसाव्या पानावर होतो एवढं आठवतंय. पुढचं काही आठवतच नाही."

ती वीट बुनिमनं उजेडाला धरून फिरवून फिरवून पाहिली. चार वर्षांत इतका रस्सा तिनं एका पुस्तकावर पाहिला नव्हता. सोमवारी ब्यॉनला तिनं ओळ सांगितली आणि त्यानं लिहून घेतली: "एक्केचाळिसाव्या पानानंतर हातातल्या जेवणाचं भान राहत नाही."

जानेवारीच्या शेवटी पुस्तक आलं. ब्यॉननं एरवी दोन प्रती टाकल्या असत्या, या वेळी बारा टाकल्या. मागच्या पुठ्ठ्यावर सगळ्यात खाली बुनिमचं नाव होतं. दुकानात कोणी नसताना तिनं ते बोट ठेवून वाचलं, मग दुसऱ्या प्रतीवर वाचलं, मग उरलेल्या दहाही प्रतींवर बरोबर आहे की नाही ते तपासून घेतलं. संध्याकाळपर्यंत बाराच्या बारा प्रती गेल्या.

आठवड्याभरात त्या परत यायला लागल्या. बुनिमनं पुसायला घेतल्या आणि तिचा जीव सुखावला. तिकीट खिडकीवरच्या बाईच्या प्रतीत चाळिसाव्या पानावर कॉफी. औषधाच्या दुकानदाराच्या प्रतीत बेचाळिसाव्यावर सार्डिनचं तेल. दोन प्रतींत तर त्याच सुमारास गालाएवढा ओला गोल. माणसं पुस्तकाला गाल लावून वाचतायत, ती सांगग्यूला म्हणाली, असं कधी पाहिलं होतंत? सांगग्यूला गिऱ्हाइकांच्या तोंडाकडे बघायची सवय होती. तो पुसलेल्या प्रती कपाटात लावत राहिला.

मग एका शनिवारी दुपारी मेंग सर आले. दुकानात ग्वाक होता, औषधवाला होता, आणखी तिघे-चौघे होते. सरांची प्रत स्वच्छ होती. त्यांनी ती काउंटरवर ठेवली, टोपी काढली आणि शांतपणे सांगितलं, की चौतीस वर्षं त्यांनी शाळेतल्या दुपारच्या तासांना मुलांना झोपताना पाहिलं, पण बसल्या जागी आपल्याला अशी झोप लागू शकते हे त्यांना या पुस्तकानं शिकवलं. तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा एक्केचाळिसाव्या पानावर.

औषधवाल्यानं मान डोलावली. त्याचं डोकं सार्डिनच्या डब्यात गेलं होतं. ग्वाकला राहवलं नाही.

"काकू, मीसुद्धा झोपलो होतो. वाटी मांडीवरच होती. पुस्तक खराब झालं म्हणून बोललो नाही."

समोरून रेल्वेची उद्‌घोषणा ऐकू यायला लागली. मेंग सरांनी विचारलं, "खरं सांगा. आपण वाचलंय का हे?"

सांगग्यू पुढे होऊन म्हणाला, की वाचलंय तर, मी पाहिलंय. बुनिमनं त्याला हातानं मागे सारलं. तिचे कान लाल झाले होते.

"नाही वाचलं," ती म्हणाली. "वाचते. मार्चच्या तिसऱ्या शनिवारी या, मग बोलू."

"एका पुस्तकाला सहा आठवडे?"

"मी सावकाश वाचते, सर."

दुसऱ्या दिवसापासून बुनिमनं फडकं सांगग्यूच्या हातात दिलं आणि खिडकीशी बसली. तिनं ठरवून टाकलं होतं, की शनिवारी आपली फजिती झाली तर यापुढे दुकानात पाय ठेवायचा नाही. तळघरातही जायचं नाही. गल्लीतल्या बायकांना सांगायचं, पाण्यानं सर्दी होते.

एक्केचाळिसावं पान आलं आणि गेलं. त्यावर सेनापतीच्या सात चंद्रांची, त्यांच्या सत्तावीस देवतांची आणि त्या देवतांच्या आपसातल्या नात्यांची यादी सुरू होत होती, ती त्रेसष्टाव्या पानावर संपत होती. पण जिचं बोट एका अक्षरावरून दुसऱ्यावर जातंय तिला झोप कशी येणार? बुनिमनं सत्तावीसही देवता जुळवल्या. त्यातल्या दोघी एकमेकींच्या सासू निघत होत्या. तिनं परत मागे जाऊन खात्री करून घेतली. लेखकाचीच चूक होती.

ठरल्या शनिवारी दुकानात उभं राहायला जागा नव्हती. मेंग सर स्वतःची प्रत विकत घेऊन आले होते आणि ती त्यांनी मांडीवर उघडून ठेवली होती, परीक्षा घ्यायला बसल्यासारखी. बुनिमनं हात पुसले आणि सांगायला सुरुवात केली. त्या दोन सासवांपासूनच सुरू केलं आणि पहिल्या पाच मिनिटांत औषधवाला हसून खाली बसला. सेनापती कसा घर सोडतो, वाटेत सत्तर पानं नुसता भाषणं कसा देतो आणि एकदाही कोणाला जेवलास का विचारत नाही, ड्रॅगन त्याच्यापेक्षा कसा समंजस आहे, हे सगळं तिनं शेजारच्या घरात घडल्यासारखं सांगितलं. नावडलं तिथे सेनापतीला झापलं. बाहेर तीनची गाडी आली, उतारू टॅक्सी शोधत राहिले, ग्वाक हलला नाही.

मग ती सेनापतीच्या आईकडे वळली. म्हातारी रोज रात्री दिवा विझवते, बुनिम म्हणाली, पण दार उघडं ठेवते. दिवा अशासाठी विझवायचा, की शेजारणींना वाटावं ही झोपली, वाट बघत नाहीये. आणि दार अशासाठी, की तो आला तर त्याला ठोठावावं लागू नये. असं ती अकरा वर्षं करते. शेजारणींना कळत नसेल का? त्यांना सगळं ठाऊक आहे. पण त्याही आपापला दिवा विझवून, कोणी आलं का ते अंधारात कान देऊन ऐकतात. हे सांगण्यात पाव तास गेला. तिकीट खिडकीवरच्या बाईनं नाक पुसलं.

मेंग सर पानं चाळत होते.

"हे यात आहे?"

"आहे. दोनशे सहासष्ट."

सरांनी पान काढलं, चष्मा वर केला, खाली केला. मग मोठ्यानं वाचलं: "म्हातारीनं दिवा विझवला आणि दार उघडं ठेवलं." त्यांनी पान उलटून पाठीमागे पाहिलं. "एवढंच आहे. एक ओळ."

"हो. तीच."

"तुम्ही पाव तास सांगत होता."

"मला ती वाचायला अख्खी सकाळ लागली, सर."

मेंग सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग काउंटरवर टेकलेल्या तिच्या उजव्या हाताकडे. पहिल्या बोटाचं टोक छपाईच्या शाईनं काळं पडलं होतं. चौतीस वर्षं पहिलीचे वर्ग शिकवलेल्या माणसाला असं बोट ओळखायला वेळ लागत नाही. बुनिमनं हात काउंटरखाली घेतला.

सरांनी आपली प्रत मिटली. मग ते बाकीच्यांकडे वळून म्हणाले, "आपण सगळे फार भरभर वाचतो. झोप त्यामुळे येते."

ग्वाकनं विचारलं, की शेवटी सेनापती घरी पोचतो का? बुनिम म्हणाली, ते तुम्ही वाचा. मी तेवढ्यासाठी सहा आठवडे घातलेत. त्या संध्याकाळी बारा प्रती पुन्हा गेल्या, आणि ज्यांना मिळाल्या नाहीत त्यांनी नावं लिहून ठेवली. पुढच्या आठवड्यात त्यांतले दोघे तक्रार घेऊन आले, की काकूंनी सांगितलेलं अर्धं पुस्तकात नाहीच. सरांनी त्यांना परस्पर परत पाठवलं. म्हणाले, बोट ठेवून वाचा.

पोहायला जाणं बुनिमनं आणखी तीन वर्षं चालू ठेवलं.

सेनापती तीनशे अकराव्या पानावर मरतो, सातव्या चंद्राच्या दुसऱ्या दिवशी, घरापासून अर्ध्या कोसावर. मेंग सर दोन हजार नऊच्या जानेवारीत गेले. सांगग्यू दोन हजार अकराच्या फेब्रुवारीत गेला, आणि बुनिम त्याच्यानंतर पाच वर्षांनी, एप्रिलच्या चौदा तारखेला, सकाळी.