भीतीचा रसास्वाद

इमारत सुरक्षा विभागातील तक्रार कक्षाचे प्रमुख एक कादंबरी वाचून घाबरले, ही बाब प्रशासनाने सुरुवातीला गांभीर्याने घेतली नाही. कचेरीत त्यांना सगळे थंडोबा म्हणत. तडे गेलेल्या भिंती आणि सुटलेले छज्जे यांच्या तक्रारी वाचण्यात निम्मी हयात गेली होती. पण त्यांचा चहा कधी गार झाला नव्हता.

वाचन सप्ताहानिमित्त वरून आदेश आला की प्रत्येक कर्मचाऱ्याने एक अभिजात कलाकृती वाचून आपली व्यक्तिगत प्रतिक्रिया सभेत मांडावी. थंडोबांच्या वाट्याला जुनी, नावाजलेली भयकादंबरी आली. तिच्यातल्या घराचे छत रोज थोडे खाली येते. घरातल्या सगळ्यांना ते दिसते, पण बोलत कोणीच नाही. उंच माणसे वाकून चालू लागतात, एवढेच. शेवटी सगळी मंडळी रांगत जेवायला येतात आणि हवापाण्याच्या गप्पा मारतात.

पुस्तक मिटले तेव्हा थंडोबा वर छताकडे बघत होते. बायकोने काय झाले म्हणून विचारले, तर ते उठून मुलीच्या खोलीत गेले आणि स्टुलावर चढून तिथले ओल धरलेले छत हाताने चाचपून आले. लग्नानंतर प्रथमच हा माणूस तिला आवडला.

सभेत हिशेबनीस अंतर्मुख झाले होते. टंकलेखक बाईंना मानवी अस्तित्वाचे एकाकीपण जाणवले होते. मग थंडोबा उभे राहिले.

“मी घाबरलो.”

साहेबांनी मान डोलावली. “बरं. आणि?”

“आणि काही नाही, साहेब. घाबरलो.”

साहेबांनी समजुतीच्या सुरात सांगितले की भयकथा एकदा अभिजात झाली की तिला घाबरायचे नसते, तिचे कौतुक करायचे असते.

पण थंडोबांना आता तक्रारींचीही भीती वाटू लागली. शाळेच्या फाटकावरचा छज्जा सुटल्याची तक्रार पुढील कार्यवाहीसाठी ठेवून देण्याऐवजी ते स्वतःच उठून गेले आणि टेकू लावून घेऊनच परतले. हे असेच चालू राहिले. कचेरी कामे करते अशी बातमी पसरली, त्यामुळे तक्रारींचा ओघ वाढला. टंकलेखक बाईही जेवता जेवता उठून ठेकेदाराला फोन करू लागल्या. भीती संसर्गजन्य असल्याचे साहेबांनी वर कळवले आणि थंडोबांची रवानगी रसग्रहणाच्या प्रशिक्षणाला झाली.

तिथल्या प्राध्यापकांनी समजावले की छत म्हणजे छत नव्हे, छत म्हणजे काळ. थंडोबांनी भीत भीत विचारले, की मग त्याखालची माणसे?

“ती वाचकाच्या सोयीसाठी असतात,” प्राध्यापक म्हणाले.

थंडोबा परतले ते पार बरे होऊन. त्यांना पुन्हा गाढ झोप लागू लागली. बायको मात्र जागी राहू लागली.

पुढे एक शिवणकाम करणाऱ्या बाई कचेरीत आल्या. त्यांच्या इमारतीचा जिना पायाखाली हलत होता. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, वरच्या मजल्यावर. त्यांना उचलून आणायचे तर त्याच जिन्याने. थंडोबांनी डोळे मिटून सगळे ऐकले.

“जिन्याचं तुम्ही फार लवकर सांगून टाकलंत,” ते आपुलकीने म्हणाले. “आधी सासूबाईंचं दुखणं यायला हवं होतं. जिना अगदी शेवटी.”

“माणूस कधी पाठवताय, तेवढं सांगा.”

“ते सांगायचंच नाही, बाई. शेवट खुला ठेवायचा.”

जिना त्याच आठवड्यात कोसळला. सासूबाई वरच होत्या. थंडोबांना बढती मिळाली.

ही हकीकत आजवर पुष्कळांना सांगितली. उपरोध छान साधला आहे, असे बहुतेकांनी आवर्जून कळवले. प्राध्यापकांचे वाक्य तर काहींनी उतरवूनही घेतले. म्हातारीचे पुढे काय झाले, हे अजून एकानेही विचारलेले नाही. आपणही इथवर वाचत आलातच. कशी वाटली?