तोरेआ खाडीवरची शिरगणती

"पक्षी नंतर मोज गं. आधी माणसं मोज," असं कोरो रेवींनी मरामाला बजावलं होतं.

रेवी हे साऱ्या तोरेआ खाडीचे कोरो, म्हणजे आजोबा. खाडीवरची पक्षीगणना त्यांनी आयुष्यभर चालवली आणि यंदा गुडघ्यांनी संप पुकारल्यामुळे मरामाकडे सोपवली. मरामाने मान डोलावली आणि सल्ला कानाआड केला. मोजायला माणसं होती किती? तिला धरून पाच. आणि मोजण्याचंच म्हणाल तर ती दिवसभर दुसरं काय करत होती? तिच्या तान्ह्या लेकीने, पिपीने किती चमचे भोपळा खाल्ला, किती थुंकला, किती शिंका दिल्या. पिपी झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास चालू आहे ना, हेही ती बघायची. त्याने पिपी जागी व्हायची. जागी झाली म्हणजे श्वास चालू आहे, एवढं तरी नक्की व्हायचं.

गावात कुजबुज होतीच. "बाळंतपणात अर्धं डोकं वाहून जातं म्हणतात," पर्ल म्हणाली होती. "पोरीचं मुळात मोठं होतं, अर्धं पुरेल," म्हणून तिची बहीण डल्सी हिने मरामाची बाजू घेतली होती. तेव्हा ही गणना कसलाही घोळ न होता पार पाडणं, हा मरामाच्या डोक्याचाच प्रश्न होता.

त्यात वेलिंग्टनहून पाणथळ जागांचे तज्ज्ञ डॉक्टर प्रिंगल आले. जगात जेवढे कुआका, म्हणजे लांब चोचीचे हे प्रवासी पक्षी आहेत त्यांतला शंभरात एक तरी जिथे उतरतो, ती पाणथळ जागा साऱ्या जगाच्या लेखी महत्त्वाची, असा नियम आहे. तोरेआचा आकडा अलीकडे काठावर लोंबकळत होता आणि इथे बोटींचा धक्का बांधू पाहणारी मंडळी नकाशे काढून त्या आकड्याच्या पडण्याची वाट बघत होती. खरा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी बघायला प्रिंगल आले होते. नवेकोरे गमबूट घालून.

भरती दुपारची होती. पाणी चढलं की चिखलात चरणारे पक्षी शिंपल्यांच्या उंचवट्यावर गोळा होतात. मोजायचं ते तेव्हाच. मरामाने जागा वाटून दिल्या. पर्ल आणि डल्सी बांधावर, कोरो बांधालगत खुर्चीवर, आणि मर्व्हिन उंचवट्याच्या पार टोकाला, लाकडी झोपडीत. मर्व्हिन इतका अबोल, की एकदा त्याची बायको त्याला पेट्रोल पंपावर विसरून घरी आली आणि संध्याकाळपर्यंत त्याच्याशी गप्पा मारत होती.

"मी वॉकीटॉकीवर सांगेपर्यंत हलायचं नाही हं, मर्व्हिन."

मर्व्हिनने मान हलवली, थर्मास उचलला आणि गेला.

पाणी चढू लागलं, तसे प्रिंगल म्हणाले, "मी जरा पुढे होऊन फोटो काढतो."

"तिथे नको डॉक्टर! वरून घट्ट दिसतं, पण खाली..."

"बाई, मी नऊ देशांतल्या दलदली पाहिल्यात," असं म्हणत प्रिंगल दहाव्या दलदलीत उतरले. गुडघ्यापर्यंत.

"बूट तिथेच सोडा! नुसते पाय काढून घ्या!"

"अहो, नवे आहेत!"

नव्या बुटांसाठी त्यांनी जोर लावला आणि ते मांडीपर्यंत गेले. मरामा फळी टाकून तिच्यावर पोटाने सरपटत निघाली. निम्म्यात तिच्या खिशातून वॉकीटॉकी निसटला आणि बुळुक आवाज करून चिखलात गेला. मरामाचे पाय धरायला डल्सी उतरली, ती रुतली. डल्सीला धरायला पर्ल उतरली.

"तुला कुणी बोलावलं होतं?" डल्सी म्हणाली.

"गाडीची किल्ली तुझ्या खिशात आहे. तू खुशाल बुड, किल्ली इकडे दे."

त्या दोघींना काठी द्यायला कोरो उठले आणि खुर्चीसकट घसरत खाली आले. बसल्या जागेवरूनच ते ओरडले, "भांडा गं, पण मोजत भांडा! आले बघा!"

खाडीवरचे सगळे कुआका एकदम उठले, यांच्या डोक्यावरून एक वळसा घेऊन उंचवट्याच्या टोकाकडे गेले. मरामाने पालथ्या अंगाने, मान वर करून मोजले. पर्लने मोजले, डल्सीने मोजले. दोघी बहिणींच्या आकड्यांत तीन पक्ष्यांचा फरक पडला आणि त्यावरून प्रिंगल पूर्ण बाहेर निघेपर्यंत वाद चालला. पण कुणाचाही धरला तरी आकडा काठाच्या चांगला वर होता. प्रिंगल अनवाणी बाहेर आले. बूट खाडीनेच ठेवून घेतले.

बांधावर सगळे ओळीने उभे राहिले. डोक्यापासून पायापर्यंत चिखल. कोण बाई आणि कोण डॉक्टर, कळायला मार्ग नव्हता. आणि तेवढ्यात मरामाला तो कानाआड केलेला सल्ला आठवला. तिने बोट दाखवत मोजलं. एक, दोन, तीन, चार, आणि मी. पाच. आकडा जुळला.

"बघा कोरो, माणसंसुद्धा मोजली."

"शाबास! डोकं जागेवर आहे गं तुझं," कोरो म्हणाले. पर्लनेसुद्धा तिची पाठ थोपटली. मरामाला कित्येक महिन्यांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.

जवळच्या हॉलमध्ये तिची सासू नॅन जॉयस पिपीला कडेवर घेऊन मोकळ्या हाताने चहा ओतत होती. चहाबरोबरचे स्कोन पाव गरम होते. सगळ्यांनी तोंडं धुतली, कप उचलले. टेबलावर एक कप उरला.

"हा कुणाचा?" नॅन म्हणाली.

"डॉक्टरांचा."

"डॉक्टर तर चहा संपवून दुसरा स्कोन खातायत."

"मग तुमचा असेल, नॅन."

"मी चहा पीत नाही, हे तुला लग्नाआधीपासून ठाऊक आहे."

मरामा कपाकडे बघत राहिली. मग धुतलेल्या चेहऱ्यांकडे. मग डॉक्टर प्रिंगल यांच्या उघड्या पायांकडे. "त्या पाचांत," ती सावकाश म्हणाली, "डॉक्टर होते ना?"

कोरोंनी दुर्बीण खिडकीत लावली. उंचवट्याच्या चारी बाजूंनी पाणी होतं. टोकाला झोपडी, झोपडीभोवती सगळेच्या सगळे कुआका, दोन छपरावर. आणि फटीतून दिसणारा मर्व्हिन. ताठ बसलेला. त्याला हलायला सांगितलं नव्हतं.

"बोट काढू या? हाका मारू या?" प्रिंगल म्हणाले.

"पक्षी उडतील!" चौघं त्यांच्या अंगावर ओरडले. या पक्ष्यांना काही दिवसांत अलास्काच्या वाटेला लागायचं होतं. आता उडवले तर अंगावरची चरबी फुकट जाते. भरतीला झोपडीकडे फिरकायचं नाही, हा कोरोंचाच नियम.

"ओहोटी लागली की सांगू त्याला," कोरो म्हणाले.

"कोण सांगणार?"

"सांगेल की कुणीतरी. पाणी उतरायला वेळ आहे."

मग प्रिंगल यांची बस आली. कोरोंचे गुडघे धरले. किल्ली डल्सीकडे असल्याने पर्लला तिच्याबरोबर जावं लागलं. मर्व्हिनच्या बायकोला फोन केला, तर ती म्हणाली, "छे, तो केव्हाच आलाय, आत्ताच बोलले त्याच्याशी." आणि पिपी आंघोळीसाठी रडू लागली.

आता पिपी निजली आहे. मरामाने तिच्या नाकाखाली बोट धरलं, आणि तेव्हाच तिला उमगलं, की कोरोंचं 'कुणीतरी' म्हणजे तीच. पण पिपीने ते बोट मुठीत धरलं आहे, आणि किती रडून ती झोपली हे मरामाने मोजलं आहे.

तेव्हा तुम्ही बांधावरून जाणार असाल, तर जरा टोकाच्या झोपडीकडे बघाल का? हाक मारू नका, दार वाजवू नका. पक्षी उडतील. नुसतं लांबून बघा, छाती वरखाली होतेय ना, एवढंच.