देवकर सरांचा परदेशी पाऊस

आमच्या कराडच्या बिल्डिंगची टाकी भरून वाहू लागली की बाकीचे लोक मोटर बंद करायला धावतात. देवकर सर रेनकोट चढवून, पाठीवर सॅक अडकवून त्या धारेखाली जाऊन उभे राहतात. भर वैशाखात. सराव म्हणून.

सर भूगोलाचे निवृत्त मास्तर. गाव वडूजकडचं, माझंही तेच, म्हणजे ढगांनी कायमची रजा टाकलेला मुलूख. पर्जन्यछायेचा प्रदेश शिकवताना नकाशावर स्वतःच्याच गावावर छडी ठेवायचे. अशा माणसाने पेन्शनचं काय करावं? झाडं लावावीत, बंधारा बांधावा, निदान आमच्या पाणी समितीला चार खुर्च्या द्याव्यात. नाही. सर दरवर्षी पाठीवर बिऱ्हाड घेऊन परदेशात भिजायला जातात. लोक प्रवासाला निघताना ऊन शोधतात. सर अंदाज बघून जिथं धो धो कोसळणार तिथलं तिकीट काढतात. "भिजल्याशिवाय भूगोल कळत नाही," हे त्यांचं ब्रीद. आम्हाला टँकरच्या रांगेत उभं राहून जो कळतो तो भूगोल बहुधा वेगळा असावा.

नॉर्वेची हकिकत तर ते स्वतःच सांगतात, वर अभिमानाने. डोंगरात तंबू ठोकला, पाऊस लागला, आणि सरांनी पातेलं, पेला, डब्याचं झाकण, जे हाताला लागेल ते पागोळ्यांखाली मांडलं. पागोळी वाया घालवायची नाही, ही वडूजची शिस्त. सकाळी ते पाणी ओतून द्यायचं जिवावर आलं, म्हणून बाटल्यांत भरून पाठीवर घेतलं आणि कण्हत डोंगर चढले. माथ्यावर तळं. गोडं पाणी, नजर पोचेल तिथवर. तरी सर त्या बाटल्या तशाच परत खाली घेऊन आले. का, तर दुसऱ्याच्या तळ्यावर भरवसा ठेवू नये.

यंदा आम्ही वडूजला पाण्यासाठी मोर्चा काढायचं ठरवलं. पत्रक मी लिहिलं. सरांनी पुढे चालावं म्हणून त्यांच्या घरी गेले, कारण गावात त्यांचा शब्द खाली पडत नाही. सरांनी तिकीट दाखवलं. स्कॉटलंड. मी तोंडावर सुनावलं, की आपल्या मेढ्याच्या डोंगरात पाऊस काय कमी पडतो, भिजायला विमान कशाला लागतं? आता ब्रीद ऐकावं लागणार, अशी तयारी ठेवली होती. सर नुसते रेनकोटची घडी घालत राहिले.

मोर्चाच्या आदल्या दिवशी पत्रकं वाटत मी त्यांच्या थोरल्या बहिणीच्या दारात पोचले. सगळा गाव त्यांना आक्का म्हणतो. अंगणातल्या बॅरलच्या तळाला बोटभर पाणी. मी बोलायला तोंड उघडलं, तर आक्कांनी गप्प बसायची खूण केली. समोर भिंतीला टेकवलेल्या मोबाइलमध्ये पाऊस पडत होता. सरांनी तिकडं स्कॉटलंडात फोन आडोशाला दगडावर ठेवलेला. स्वतः बाजूला, चौकटीत फक्त त्यांची एक निथळती बाही. आक्का डोळे मिटून पाऊस ऐकत होत्या.

बऱ्याच वेळाने बाहीकडून आवाज आला. "आक्का, टँकर आला का?"

"आला की. बॅरल काठोकाठ हाय. तू भिजतुयास व्हय रं?"

"छत्री हाय गं."

फोन बंद झाल्यावर मी मेढ्याच्या पावसाचा माझा प्रश्न आक्कांनाही विचारला.

"पयल्यांदा त्योच दावला हुता पोरी," त्या म्हणाल्या. "लय रडले मी. चार डोंगरापल्याड पडतुय आन आमच्या दारात न्हाई. तवापास्नं त्यो लांबचा दावतो. तितला पाऊस आपल्या वाटणीतला न्हाई. त्येचा राग येत न्हाई."

त्यांनी पत्रक घडी करून कनवटीला खोचलं.

"उद्या येते मी मोर्चाला. पर टँकर आला न्हाई ह्ये त्याला कळवू नगंस. समदं सोडून यील."

मग उठल्या, आणि फोन पुन्हा वाजायच्या आत बॅरलवर झाकण टाकून आल्या.