दाराबाहेरची पेशंट

शाळेतून आलेल्या डब्यात घास न् घास जसाच्या तसा होता, तेव्हाच आईला शंका आली. भिंगरी डबा परत आणते म्हणजे एकतर बाकावरच्या मैत्रिणीशी वाजलेलं असतं, नाहीतर खरंच काहीतरी बिनसलेलं असतं. तिने लेकीला खिडकीपाशी नेलं, "आ कर बघू" म्हणाली, आणि जिभेच्या कडेचे पांढुरके फोड पाहून स्वतःच आ वासून उभी राहिली. मग तळहात पाहिले. मग तळपाय. सगळीकडे मसुराएवढे लाल ठिपके.

"हँड फूट माउथ," डॉक्टर म्हणाले. "पोरांच्यात येतो हा व्हायरस. औषध असं काही नाही. थंड द्या, मऊ द्या, पाणी पाजत राहा. आला तसा जाईल." आणि ती उठता उठता पुढे म्हणाले, "घरात तान्हं आहे ना? जमलं तर जरा लांब ठेवा त्याला."

डॉक्टर म्हणाले 'जमलं तर'. तिने ऐकलं 'खबरदार'.

"हात, पाय, तोंड?" सासूबाईंनी घरी आल्या आल्या विचारलं. "हा आजार आहे का गं? पाहुणे आले की पोरांना असले प्रश्न विचारतात. बाळाचे हात कुठे, बाळाचं तोंड कुठे."

"आई, हसण्यावारी नेऊ नका. याला काही झालं म्हणजे?" 'याला' म्हणजे तिच्या कडेवरच्या धाकट्याला. तो सहा महिन्यांचा होता, बारा महिने थंडी असल्यासारखे पायमोजे घालून असायचा, आणि जिथे ठेवाल तिथे पडून राहायचा, म्हणून त्याचं नाव गाठोडं पडलं होतं.

तिने वनस्पतिशास्त्रात एमएस्सी केलं होतं आणि प्रबंध लिहिला होता तो पानांवर पडणाऱ्या ठिपक्यांवर. त्यामुळे ठिपक्यांच्या बाबतीत घरात तिचाच शब्द शेवटचा. रोगट कुंडी आधी वेगळी काढायची, हा पहिला धडा. त्याच दिवशी कायदा झाला. भिंगरी मोठ्या खोलीत, कारण त्या खोलीला लागून संडास-बाथरूम होतं. गाठोडं अंगावर पीत होतं, म्हणून ती स्वतः बाहेर. भिंगरीजवळ तिच्या बाबाने राहायचं. आणि जो आत गेला तो बाहेर यायचा नाही. जेवणाचं ताट दाराशी स्टुलावर ठेवलं जाईल, ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत मागे गेली की मगच दार उघडायचं.

"एवढी शिस्त तुरुंगात पण नसते," नवरा उशी काखेत मारून आत जाताना म्हणाला.

"तुला काय होतंय? आठवडाभर लोळायचंय फक्त."

"मग तू जा की लोळायला."

बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण कडेवर गाठोडं होतं.

खरं म्हणजे ते आल्यापासून कडेवर दुसरं काही मावलंच नव्हतं. भिंगरी गुडघ्याशी येऊन उभी राहायची, विचारायची, "झालं का याचं पिऊन?" आणि ती म्हणायची, "थांब हं जरा." दिवसातून किती वेळा म्हणायची, देवच जाणे. तिने मनाशी ठरवून ठेवलं होतं, हा एकदा बसायला लागला की दोन्ही हात मोकळे होतील आणि मग भिंगरीला मांडीवर घेऊन पोटभर लाड करीन. गाठोडं अजून बसत नव्हतं. आणि आता तर मध्ये दारच आलं होतं.

पहिल्या संध्याकाळी दारापलीकडून रडं ऐकू आलं. "मला आईच हवी! बाबा नको!" ती दाराला पाठ टेकून खाली बसली आणि तिच्याही डोळ्यांना धार लागली. गाठोडं मांडीवर टकामका पाहत होतं.

"ऐक ना," आतून नवऱ्याचा आवाज आला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. बंद पडलेल्या लिफ्टच्या दाराबाहेर उभं राहून आतल्या माणसांना धीर देण्यात त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. "अडकलेल्या माणसाशी नुसतं बोलत राहायचं असतं. काहीही बोल. आवाज आला की माणूस शांत होतो."

तिने दाराशी तोंड नेऊन गोष्ट सांगायला घेतली. एक ससा होता आणि त्याला गाजर दिसलं, एवढं झालं, तोवर गाठोड्याने भोकाड पसरलं. ससा तिथेच राहिला.

दुसऱ्या दिवशीही रडं होतं, पण जरा कमी. त्यानंतर रडं थांबलं. आणि ते थांबलं तेव्हा तिला जास्तच कसंतरी झालं.

मग नवऱ्याच्या तळहातांवर ठिपके उठले.

"शाळेत शेअरिंग शिकवतात ना," तो दाराआडून म्हणाला, "तुझी लेक फार मन लावून शिकतेय. अगं, कपबशी धरवत नाही मला. पाय टेकले की काचा टोचतात. आमच्या दोघांचं करणार कोण आता?"

"मी जाते," सासूबाईंनी पदर खोचला.

"आई, तुम्हाला झालं म्हणजे?"

"माझी कातडी बघ. चावायला जाईल तो विषाणू, आणि त्याचेच दात पडतील."

विषाणूचे दात चांगलेच मजबूत निघाले. सासूबाईंना ताप भरला आणि आतून निरोप आला, "तिच्या डॉक्टरला म्हणावं, म्हाताऱ्या माणसांच्यातही येतो." मग तिने धाकट्या नणंदेला बोलावून घेतलं. भिंगरीची आत्या पोहण्याच्या तलावावर पोरांना पोहायला शिकवायची आणि घरातही तलावाच्या या काठावरून त्या काठावर बोलल्यासारखी बोलायची.

"वहिनी, टेन्शनच नको!" ती जिन्यातूनच गरजली. "मी क्लोरीनमध्ये मुरलेय. मला चिकटायची हिंमत आहे का कोणाची?"

हिंमत होती. आत्याही आडवी झाली.

अशा रीतीने घराची वाटणी पूर्ण झाली. आत चौघं, बाहेर दोघं, आणि त्या दोघांतल्या एकाला बोलता येत नव्हतं. ती चौघांचा मऊ भात शिजवायची, निववायची, सूप गाळायची, भांडी उकळत्या पाण्यात टाकायची, आणि हे सगळं एका हाताने. आणि आतून यायचं हसणं. आधी थोडं, मग खो खो. खेळ रंगायचे. आत्या कुठल्याशा शर्यतीची शिट्टी वाजवायची. सासूबाई, ज्यांनी बाहेर असताना भिंगरीला "धिंगाणा पुरे" यापलीकडे काही ऐकवलं नव्हतं, त्या चक्क गाणं म्हणत होत्या.

"काय चाललंय?" ती दाराशी कान लावून विचारायची.

"काही नाही गं," तीन आवाज एकदम म्हणायचे. आणि पुन्हा हशा.

स्टुलावर ताट ठेवून टकटक करून ती नियमाप्रमाणे मागे जायची आणि उंबऱ्यावरून पाहत राहायची. दार वीतभर उघडायचं, हात बाहेर यायचा. कधी नवऱ्याचा केसाळ, कधी सासूबाईंचा बांगड्यांचा. ती वाट पाहायची लहान हाताची. एकदाच तो आला. आइस्क्रीमची वाटी होती. बोटं बाहेर आली, चाचपडली, वाटी धरली.

"भिंगरी!" तिने हाक मारली. "बाळा, कशी आहेस?"

"आई, दार लावते हं," आतून शहाण्यासारखं उत्तर आलं. "नाहीतर त्याला होईल."

दार लागलं. आपलीच शिकवण अशी परत मिळेल, असं तिला वाटलं नव्हतं. ती वाटी धुवायला आली तेव्हा तळाशी आइस्क्रीमच्या थरात चमच्याच्या लहान लहान रेघा होत्या. उकळतं पाणी तयार होतं, तरी ती सिंकपाशी बराच वेळ ती वाटी हातात घेऊन उभी राहिली.

"अडकलेल्या माणसाशी बोलत राहायचं असतं म्हणालास ना?" त्या दुपारी ती दाराला म्हणाली. "बोल की मग."

"अडकलंय कोण पण?" आतून नवऱ्याने प्रामाणिकपणे विचारलं. "आम्ही मजेत आहोत."

त्यानंतर ती रोज उठल्या उठल्या स्वतःचे तळहात पाहू लागली. कशासाठी, हे तिने स्वतःलाही सांगितलं नाही. आणि एके सकाळी अंगठ्याच्या खाली ठिपका दिसला! लालबुंद, मसुराएवढा. तिचं काळीज नाचायला लागलं. उशी घेतली, पांघरूण घेतलं, कंगवा घेतला आणि दारावर जोरात थाप मारली.

"मला झालाय! येतेय मी!"

"खरंच?" नवऱ्याचा आवाज. "दुखतोय का?"

"दुखतोय ना!"

"गरम लागतोय?"

"हो, हो!"

"काल सूपचं पातेलं उतरवताना किंचाळली होतीस, ते कुठल्या हाताने?"

तिने हात पाहिला. पातेलं आठवलं. उशी पुन्हा पलंगावर ठेवली. तेव्हा कुठे तिचं लक्ष गाठोड्याकडे गेलं. ते पाळण्यातून तिच्याकडे बघून बोळकं भरून हसत होतं. उशी घेताना या लेकराचं काय करायचं, हा विचार आपल्याला शिवलाही नाही, हे जाणवून ती इतकी घाबरली की तिने त्याला उचलून तीनदा पापे घेतले आणि तडक दवाखाना गाठला. लस द्यायची राहिलीच होती.

"काय म्हणतंय आजारी घर?" डॉक्टरांनी विचारलं.

"चौघं पडलीत. पण याला नाही लागू दिलं मी," ती मान ताठ करून म्हणाली. "काडीचाही संबंध येऊ दिला नाही."

"शाब्बास." डॉक्टरांनी सुई टोचायच्या आधी गाठोड्याचे पायमोजे ओढून काढले आणि थांबले. तळपाय खिडकीकडे वळवला. टाचेपाशी पातळ पातळ पापुद्रे सुटत होते. "मध्यंतरी याला ताप येऊन गेला का हो?"

"आला होता. पण तो दातांचा. भिंगरी आजारी पडायच्या आधी. लाळ गळत होती, पीत नव्हता. सगळे म्हणाले, दात येताहेत."

"मग आले दात?"

तिने गाठोड्याच्या तोंडात पाहिलं. डॉक्टरांनीही पाहिलं. गाठोड्याने दोघांना पाहू दिलं.

"आणि पायांवर काही उठलं होतं?"

"घामोळं होतं थोडं. मी पावडर लावली," ती म्हणाली, आणि वाक्य संपता संपता प्रबंध लिहिणाऱ्या बाईचा आवाज बसला.

"ते घामोळं नव्हतं. घरात हाच पहिला. हा होऊन मोकळा झाला आणि मग बाकीचे पडले. तुमचा घसा दुखला होता का तेव्हा?"

"जरासा. एक दिवस."

"म्हणजे तुम्हालाही होऊन गेला. मोठ्यांना कधीकधी तेवढाच होतो. तुमच्या घरात आता व्हायचं कोणी उरलंच नाही. उघडा ती दारं."

"पण याला कुठून लागला? हा घराबाहेर पडतच नाही. मागच्या महिन्यात इथे आणला होता तेवढंच, बाहेर नंबर लागेपर्यंत मांडीवर खेळत होता त्या रबरी..."

ती थांबली. डॉक्टरांनी दारातून बाहेरच्या बाकाकडे पाहिलं. बाकावर एक रबरी बदक होतं, आणि त्याची चोच एका दुसऱ्याच बाळाच्या तोंडात होती. डॉक्टरांनी घसा खाकरला आणि कंपाउंडरला हळूच सांगितलं, "अरे, ते बदक उचल तिथून आधी."

घरी येईपर्यंत तिचे पाय जमिनीला लागले नाहीत. तिने टकटक केलं नाही, मागेही गेली नाही. मोठ्या खोलीचं दार तिने सताड उघडलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे रोग बाहेर होता आणि तू आम्हाला कोंडून घातलंस?" नवरा उठून बसला.

"काखेत कळसा नि गावाला वळसा," सासूबाई तिच्या कडेकडे बघत म्हणाल्या. "कळसा बघा कसा हसतोय."

"वहिनी, एमएस्सीची डिग्री परत मागतील हं," आत्या गरजली.

तिला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. भिंगरी पलंगाच्या मधोमध बसली होती, भोवती कागद आणि रंगीत पेनं. तळहातांवर आता ठिपक्यांच्या फक्त सुकलेल्या खुणा होत्या. तिने गाठोडं नवऱ्याच्या हातात दिलं आणि दोन्ही हात पसरून पुढे झाली.

"थांब!" भिंगरीने हात वर केला. "तुला आत यायचं नाही. तुझे डाग कुठेत?"

"अगं, मला होऊन गेला. डॉक्टरांनीच सांगितलं."

"दाखव."

तिने तळहात दाखवले. भिंगरीने डोळे बारीक करून दोन्ही तपासले. "हा भाजलेला आहे. बाकी काही नाही. इथे सगळ्यांना आहेत. आजीला पण आहेत."

"अगं बाई, तिला येऊ दे," सासूबाई म्हणाल्या.

"नियम आहे," भिंगरी म्हणाली.

पलंगाच्या कडेशी ती नुसती उभी राहिली. नियम कोणाचा होता, हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं, आणि कोणी हसलं नाही.

"मग मी काय करू?" तिने विचारलं.

भिंगरीने विचार केला. मग एक लाल पेन उचललं, त्याचं टोपण दातांनी काढलं. "बस इथे. मी देते तुला."

ती बसली. भिंगरीने तिचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला, बोटं एकेक करून सरळ केली आणि जीभ बाहेर काढून ठिपके काढायला लागली. ठिपका झाला की त्यावर फुंकर घालायची.

"बाहेर तू एकटीच होतीस?"

"गाठोडं होतं की."

"त्याला कुठे बोलता येतं?" फुंकर. "मग तू बोलायचीस कोणाशी?"

"दाराशी."

भिंगरीचं पेन जरा थांबलं. "मला ऐकू यायचं," ती म्हणाली. "सशाला गाजर दिसलं, तेवढंच आलं. मग नाही आलं." आणि पुढचा ठिपका तिने फार हळू, फार मन लावून काढला.

पलीकडे गाठोडं कुरकुरायला लागलं. नवऱ्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, मग त्याला खांद्यावर टाकून गुपचूप बाहेर गेला. सासूबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. आत्याने, जन्मात पहिल्यांदाच, आवाज केला नाही.

"झालं," भिंगरी म्हणाली आणि टोपण शोधायला लागली.

"नाही गं," तिने हात उजेडात धरला, आणि करंगळीजवळची रिकामी जागा दाखवली. "हे बघ, इथे राहिलाय."