जेवणानंतर एक तुकडा

मालिगांग नगरपालिकेच्या सर्व कर्मचाऱ्यांचं एकत्रित वजन तीन टन चारशे किलो भरत असल्याची बाब सोमवारच्या ध्वजवंदनानंतर मेयरसाहेबांच्या निदर्शनास आणून देण्यात आली. आणून देणारा मीच. आरोग्य समितीचा सदस्य-सचिव या नात्याने सत्तेचाळीस जणांना पोत्यांच्या काट्यावर उभं करून बेरीज मी केली होती. फिलिपिन्समधल्या दावाव शहरापासून दोन तासांवरच्या आमच्या गावात काकाओच्या बिया तोलायचे काटे गल्लोगल्ली आहेत, माणसं तोलायचा एकही नाही.

मेयरसाहेबांनी आकडा वाचला, स्वतःच्या पोटाकडे पाहिलं आणि परिपत्रक काढलं. एक, यापुढे नोकरीत कायम होण्यासाठी कमरेचा घेर ऐंशी सेंटिमीटरच्या आत असावा. दोन, गावच्याच काकाओचे डार्क चॉकलेट वजन उतरवण्यास उपकारक असल्याचे आहार अधिकारी मिस काबाहुग यांनी कळवले असल्याने प्रत्येक कर्मचाऱ्याने रोज जेवणानंतर एक तुकडा जिभेवर ठेवून, न चावता, चार मिनिटांत विरघळवावा. पहिली अट कंत्राटी लोकांनाच लागू होती. मेयरसाहेब निवडून आलेले असल्यामुळे त्यांना घेर नव्हता.

कंत्राटी लोकांत पर्लिता दुमागान होती. जन्ममृत्यूच्या नोंदी ठेवायची. गेली अकरा वर्षं दर सहा महिन्यांनी तिचं कंत्राट संपे आणि पुन्हा सुरू होई. आता नोंदणी लिपिकाची एक कायम जागा रिकामी झाली होती आणि ती तिलाच मिळावी याबद्दल कोणाचंच दुमत नव्हतं. तिची कंबर मात्र अठ्ठ्याऐंशी होती.

परिपत्रकाची अंमलबजावणी कसोशीने झाली. चॉकलेट जेवणानंतरच घ्यायचं असल्यामुळे आधी जेवण होणं भाग होतं. दहाच्या न्याहारीनंतर ते घेता येईना, म्हणून लेखा विभागाने न्याहारीलाच जेवण घोषित केलं. मग तीनच्या खाण्यालाही तोच दर्जा द्यावा अशी बांधकाम विभागाची मागणी आली. भेदभाव नको म्हणून मी ती मंजूर केली. दोन्ही वेळा भात येऊ लागला, कारण भाताशिवाय आमच्याकडे जेवण धरत नाहीत. शिवाय एकट्याने खाणं म्हणजे उद्धटपणा. काहीही तोंडात टाकण्यापूर्वी आजूबाजूच्यांना "या, खा" म्हणावं लागतं. पूर्वी समोरचा "झालंय माझं" म्हणून सुटायचा. आता तसं म्हणणं आरोग्यकार्यात असहकार ठरलं असतं, त्यामुळे सगळेच सगळ्यांचं खाऊ लागले.

एकटी पर्लिता परिपत्रकाप्रमाणे वागली. दुपारी नेहमीच्या निम्मा भात खाऊन झाला की ती डोळे मिटून तुकडा जिभेवर ठेवायची. चार मिनिटं खिडकीशी रांग थांबे. मृत्यूचे दाखले न्यायला आलेली माणसंसुद्धा कुरकुरत नसत, इतकं सुख तिच्या चेहऱ्यावर दिसे. संध्याकाळी ती रिक्षा सोडून तीन किलोमीटर चालत घरी जाई.

"खरं सांग, आणखी काय खातेस?" मिस काबाहुगनी तिला एकदा खोदून विचारलं.

"काही नाही मॅडम. एकच तुकडा. आधी कडू लागतो, मग कडूच आवडायला लागतं."

"आणि दुसरा घ्यावासा वाटत नाही?"

"वाटतो ना. म्हणून तर पाकीट तुमच्या कपाटात ठेवते."

चार महिन्यांनी काटा पुन्हा आणला. पर्लिता सात किलोंनी उतरली होती, कंबर एकोणऐंशी. उरलेले सेहेचाळीस जण मिळून एकशे बारा किलोंनी चढले होते. अहवाल मी लिहिला. सरासरी देणं गैरसोयीचं होतं, म्हणून पर्लिताचा फोटो दिला.

मेयरसाहेब खूश झाले. त्यांनी तिला 'आदर्श लाभार्थी' नेमलं. कायम जागेची मुलाखत सहा आठवड्यांनी होती, तोवर तिने सत्तावीस वाड्यांत फिरून चॉकलेटचं प्रात्यक्षिक द्यावं असं ठरलं.

"सर, मुलाखत होऊ द्या आधी," ती मला म्हणाली. "आत्ता घेर बसतोय."

"अगं ताई, सहा आठवड्यांत कंबर कुठे पळून जाते?"

"पळून जात नाही हो. परत येते."

मी हसलो. तिला पालिकेची जीप दिली, कारण आदर्श लाभार्थीने पायी हिंडणं बरं दिसत नाही.

प्रत्येक वाडीत ती भात निम्मा करा, रोज चाला, असं सांगायला लागली की बाया शेजारणीशी बोलायला लागत. चॉकलेट वर धरलं की वह्या उघडत. मग ती तुकडा जिभेवर ठेवी. फोटो हलला तर दुसरा, वाडीप्रमुख उशिरा आले तर तिसरा, मागच्यांना दिसलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. त्यानंतर त्यांच्या घरी पंगत, त्यात भाजलेलं डुक्कर आणि नारळाच्या दुधातला गोड चिकट भात.

"बारीक झाली ना, आता आमचं अन्न कुठलं चालायला!" एका यजमानीणबाईंनी सगळ्यांदेखत ऐकवलं.

समितीतर्फे मी सोबत होतो. पर्लिताने माझ्याकडे पाहिलं.

"खा," मी हळूच म्हणालो. "मतदार आहेत."

मुलाखतीच्या दिवशी मिस काबाहुगनी टेप लावली. दोनदा लावली. चौऱ्याऐंशी.

"काय गं, चॉकलेट सोडलंस का?" मेयरसाहेबांनी विचारलं.

"नाही साहेब. रोज नऊ तुकडे खाल्ले. तुमच्याच कार्यक्रमात."

"मग अडलं कुठे?"

"एक खात होते तेव्हा नव्हतं अडलं."

इतिवृत्तात मी लिहिलं की, उमेदवाराने मात्रा नऊपट करूनही गुण आलेला नाही, सबब दोष उमेदवाराच्या प्रकृतीचा आहे. जागा रिकामी ठेवण्यात आली. स्थूल आदर्श लाभार्थीमुळे जनतेची दिशाभूल होते, म्हणून शुक्रवारी संपणारं तिचं कंत्राटही पुढे वाढवलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. मला मनापासून वाईट वाटलं. सही मात्र मी केली, कारण त्या कागदावर सदस्य-सचिवाचीच सही लागते.

जाताना तिने नोंदवह्यांच्या कपाटाची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. "सर, जो कोणी येईल त्याला सांगा, मृत्यूच्या वहीची शेवटची पानं सुटलीत. शिवून घे म्हणावं." मी मान हलवली. त्यापेक्षा जास्त काही करण्याचा अधिकार समितीला नव्हता.

ही हकिगत मी आजवर अनेक कार्यालयांत सांगितली आहे. लोक हळहळतात, व्यवस्थेला चार शिव्या देतात. मग सगळे पांगले की एकजण पोट आत ओढून जवळ येतो आणि आवाज खाली आणून विचारतो, किती टक्क्यांचं होतं हो ते चॉकलेट? तुम्हीही मघापासून तेच विचारायला थांबला आहात, हे मला दिसतंय. बहात्तर. घ्या लिहून.